दारीं आलेलें मोहोळ



निंब फुलूं लागला कीं अमळनेरांतील एखाद्या वाड्यांत आरोळी उठते, "माशा आल्या, माशा आल्या!" दारेंखिडक्या लागतात, मुलांना आंत ओढलें जातें, आणि कोणी चिंध्यांचा टेंभा, तर कोणी कीटकनाशकाची पिचकारी शोधूं लागतो. त्या घाईच्या घटकेविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

आलेले पाहुणे कोण, हें आधीं पाहावें. फांदीला नुसता माशांचा घोस लोंबत असेल, पोळें दिसत नसेल, तर ती वाटसरूंची टोळी समजावी. जुन्या वसाहतींत दाटी झाली म्हणजे जुनी राणी मोठा परिवार घेऊन बाहेर पडते. निघतांना माशा पोटभर मध पितात. राखावयास घर नाहीं, पिल्लें नाहींत. म्हणून असा घोळका छेडल्यावांचून सहसा डंख करीत नाहीं. त्यांतल्या हेर माशा जागा धुंडाळून येतात आणि नाचून तिची दिशा व अंतर इतरांस कळवितात. मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञानें १९५५ सालीं हें सविस्तर प्रसिद्ध केलें. बहुधा कांहीं तासांत, फार तर दोनतीन दिवसांत टोळी उठून जाते. येथें मुलांना दूर ठेवण्यापलीकडे कांहीं करावयाचें नसतें.

भिंतीच्या पोकळींत किंवा जुन्या पेटाऱ्यांत बसते ती सातेरी. गेल्या वर्षीं बोरीकांठच्या एका धाब्याच्या घरांत, कोनाड्यावर ठोकलेल्या फळीमागें तिचें मोहोळ निघालें. घरच्या आजींनीं रॉकेल मागविलें होतें. तेवढ्यांत कोणीतरी एका मधपाळास घेऊन आला. "आजी, रॉकेल राहूं द्या. जरा दिवस कलूं द्या," तो म्हणाला. मग त्यानें गोवरीचा थोडा धूर दिला. धुरानें माशा मध पिण्यांत गुंततात आणि धोक्याचा वासहि त्यांस नीट कळत नाहीं. फळी काढून त्यानें एकेक पोळें कापलें. पिल्लांचीं पोळीं केळीच्या सोपटाच्या दोरीनें लांकडी चौकटींत बांधलीं, मधाचीं बाजूला ठेवलीं. राणी सांपडावयास मात्र बराच वेळ लागला. ती पिंजरींत घालून पेटींत ठेवतांच बाकीच्या माशा आपण होऊन आंत चालत गेल्या. अंधार पडल्यावर पेटीचें दार बंद करून तो ती दूरच्या मळ्यांत घेऊन गेला. आजींनीं पदर नाकाशीं धरून सारें शेवटपर्यंत पाहिलें.

आग्या माशीची गोष्ट वेगळी. ती उंच फांदीला किंवा पाण्याच्या टाकीखालीं उघड्यावर एकच थोरलें पोळें लावते आणि पेटींत नांदत नाहीं. ऋतु पालटला कीं ती स्वतःच स्थलांतर करते. जागा वर्दळीची नसेल तर थांबणेंच बरें. वर्दळीची असेल तर जाणत्यासच बोलवावें, टेंभा लावूं नये. एका माशीनें डंख केला कीं त्या जागीं इतरांस चिथावणारा वास सुटतो, आणि तो पिकल्या केळ्यासारखा असतो! केळ्यांच्या आपल्या खानदेशांत हें सांगावेंसें वाटतें. अशा वेळीं हात न झाडतां पळून घरांत शिरावें. कांटा ताबडतोब खरवडून काढावा. डंख पुष्कळ असतील किंवा श्वास लागला तर तडक डॉक्टरांकडे जावें.

विष फवारल्यानें काम संपतें असें पुष्कळांस वाटतें. पण विषारी मध मागें राहतो, आणि तो दुसऱ्या माशा लुटून आपल्या घरीं नेतात. केळीला फळ धरावयास माशी लागत नाहीं, हें खरें. पण कांद्याचें बीं धरावयास तीच लागते.

पुण्याचे संगणक-अभियंते अमित गोडसे यांनीं आपल्या राहत्या इमारतींतील मोहोळ औषधानें मारलेलें पाहिलें. पुढें पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेंत शिकून, नोकरी सोडून, त्यांनीं मोहोळें जिवंत हलविण्यासाठीं 'बी बास्केट' ही संस्था काढली. आपल्याकडे मधपाळाची चौकशी जळगावच्या जिल्हा ग्रामोद्योग कार्यालयांत करून पाहावी.

मोहोळ नेल्यावर पोकळींतलें मेण खरवडून भोंक त्याच आठवड्यांत बुजवावें. मेणाचा वास राहिला तर पुढल्या वर्षीं दुसरी टोळी तेथेंच येते. त्या आजींच्या कोनाड्यास आतां विटा व चुना लागला आहे.