थेंब खाली, गळती वर

नागपूरहून बाइकने रायपूरकडे निघालात की साकोलीनंतर कोहमारा लागतं. इथून एक फाटा गोंदियाला, दुसरा नवेगावबांधकडे. चहाला थांबलो, तर इंजिनखाली तेलाचे थेंब, आणि मागच्या टायरवरही ओला पट्टा! तेलकट टायर म्हणजे पुढच्याच वळणावर आपण आडवे.

चौकात एकाने लगेच निदान केलं, "ड्रेन बोल्ट आवळा." उगाच आवळला की ॲल्युमिनियमचे आटे जातात, मग खरी गळती सुरू. गॅरेजवाल्या दादांनी पान्याला हातही लावला नाही. "भाऊ, तेल खाली उतरते, अन् हवेनं मागं जाते. वरून पाहा लागते."

इंजिन गार होऊ दिलं, डिझेल-ब्रशने धुतलं, पुसून कोरडं केलं. मग काय, चक्क अंगाला लावायची टाल्कम पावडर भुरभुरली! एक छोटी चक्कर मारून आलो, तर पांढऱ्या पावडरवर काळी ओली रेघ. थेट टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून.

दादांनी आधी ब्रीदरची नळी तपासली. ती तुंबली तर आतला दाब वाढतो आणि चांगलं गॅस्केटही तेल सोडतं. नळी मोकळी होती. गॅस्केटच कडक झालेलं. (तिथे फडकं बांधू नका हं, तापलेल्या सायलेन्सरला लागून पेटेल.)

टायर साबणाने धुतला, बाइक तिथेच ठेवली आणि गॅस्केट आणायला मी बसने गोंदियाला.