प्लग घ्यायचा तो नंबर बघून



आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे गॅरेजवाल्याचं काम, आपल्याला काय त्याचं? पण आपल्या भागातल्या बऱ्याच गटांकडे आता एखादी जुनी गाडी आहे. बहुतेक ठिकाणी ती मारुती ओम्नी असते. तांदूळ, नाचणीचे पापड, मसाला बाजाराला न्यायचा तो त्याच गाडीतून, आणि रात्री-अपरात्री गरोदर बाईला दवाखान्यात न्यायचं तेही तिच्यातूनच. ती ऐन वेळी सुरू झाली नाही तर नुसता माल राहत नाही, माणूस अडतं. म्हणून आज जुन्या पेट्रोल गाडीचे प्लग आणि प्लगच्या वायरी कशा निवडायच्या, ते बोलू.

आधी आमच्या गटाचं सांगतो. गेल्या पावसाळ्यात गाडी सकाळी लवकर सुरू होईना, चढाला झटके मारायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन उतरवावं लागेल, १८,००० रुपये खर्च येईल. नेमकं काय बिघडलंय असं विचारलं, तर उत्तर आलं, "ताई, तुम्हाला नाही कळायचं." बैठकीत आम्ही ठरवलं, आधी कळून घेऊ, मग पैसे देऊ. दुसऱ्या मिस्त्रींनी आमच्यासमोर प्लग काढून दाखवले, वायरी मीटरवर मोजल्या. तीन प्लग, चार वायरी आणि डिस्ट्रिब्यूटरची कॅप बदलली. खर्च २,००० रुपयांच्या आत आटोपला, आणि गाडी चढ चढू लागली.

आता हे काम चालतं कसं ते बघा. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले, आणि २०१९ मध्ये ती बनायची बंद झाली. इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली बसवलेलं. प्रत्येक सिलिंडरला एक प्लग. कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन हजारो व्होल्ट होतात. ते कॉइलच्या वायरीतून डिस्ट्रिब्यूटरला आणि तिथून तीन वायरींनी तीन प्लगना पोचतात. प्लगच्या टोकाशी ठिणगी पडते आणि पेट्रोल पेटतं. तीनपैकी एकाची ठिणगी चुकली की गाडीची एक तृतीयांश ताकद गेली. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधून वाया जातं, ते वेगळंच.

प्लग निवडताना पहिली गोष्ट म्हणजे नंबर. दुकानात जाऊन "ओम्नीचा प्लग द्या" एवढंच म्हणू नका. ओम्नी कार्बोरेटरची आली, नंतर इंजेक्शनची आली, गॅसचीही आली. आपल्या गाडीचा नंबर गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक हरवलं असेल तर प्लग बनवणाऱ्या कंपनीची गाडीवार यादी दुकानदाराकडे असते, ती मागून बघायची. गाडीतून निघालेला जुना प्लग नमुना म्हणून नेऊ नये, कारण आधीच्या मालकाने चुकीचा बसवलेला असू शकतो.

नंबर वाचणं अवघड नाही. उदाहरणादाखल एनजीके कंपनीचा 'बीपीआर ६ ईएस' घ्या. हा तुमच्याच गाडीचा असं समजू नका, नुसता वाचायला शिकू. 'बी' म्हणजे आट्याची जाडी १४ मिलिमीटर. 'पी' म्हणजे टोक थोडं पुढे आलेलं. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. '६' म्हणजे प्लग किती गरम किंवा थंड. 'ई' म्हणजे आट्याची लांबी १९ मिलिमीटर. शेवटचा 'एस' म्हणजे साधा, तांब्याचा गाभा असलेला.

यातली लांबी चुकली तर मोठं नुकसान होतं. प्लग लांब झाला तर पिस्टनला आपटू शकतो. आखूड झाला तर उघड्या राहिलेल्या आट्यांत काजळी बसते आणि पुढच्या वेळी बरोबर प्लगही आत जात नाही.

आता गरम आणि थंड. तवा नीट तापला नाही तर भाकरी चिकटते, फार तापला तर करपते. प्लगचंही तसंच. टोकावरची काजळी जळून जाईल इतका तो तापला पाहिजे, पण ठिणगीच्या आधीच पेट्रोल पेटेल इतका तापता कामा नये. एक बारकावा ध्यानात ठेवा. एनजीकेमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये, म्हणजे आपण ज्याला अजून मायको म्हणतो त्यात, आकडा मोठा तितका प्लग गरम. म्हणून एका कंपनीचा आकडा दुसरीच्या प्लगवर शोधायचा नाही.

दुसरी गोष्ट, महाग म्हणजे चांगला असं नाही. दुकानात इरिडियमचा प्लग दाखवतात, किंमत साध्याच्या कितीतरी पट. तो टिकतो जास्त, यात खोटं नाही. पण जुन्या कार्बोरेटरच्या गाडीची ताकद त्याने काही वाढत नाही. आणि इंजिन तेल खात असेल तर तोही काळा पडतो. अशा गाडीला साधा, योग्य नंबरचा प्लग पुरे. साधारण १५,००० ते २०,००० किलोमीटरला तिन्ही एकदम बदलायचे. नकली प्लगही बाजारात येतात. छपाई पुसट आहे का, मधलं टोक वाकडं आहे का बघा, आणि पक्की पावती घ्या.

नवा प्लग बसवण्याआधी टोकांमधली फट फीलर गेजने मोजायला सांगा. जुन्या डिस्ट्रिब्यूटरच्या गाड्यांत ती बहुधा ०.७ ते ०.८ मिलिमीटर असते, पण पुस्तकातला आकडा खरा. एलपीजी पेटवायला ठिणगी जास्त जोरदार लागते, म्हणून गॅसच्या गाडीत कच्चा प्लग आणि जुनी वायर आधी उघडी पडते. गॅस म्हणजे आरटीओकडे नोंदवलेलं गाडीचं किट. घरचा सिलिंडर गाडीला जोडणं बेकायदा आहे आणि जिवाशी खेळ आहे.

जुने प्लग फेकून देऊ नका, कागदावर क्रमाने ठेवून बघा. फिकट तपकिरी, कोरडा असेल तर इंजिन ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा प्लग जास्त थंड आहे. काळा आणि तेलकट असेल तर इंजिन तेल वर येतंय, तिथे नवा प्लग हा इलाज नाही. पांढराफटक, भाजलेला असेल तर इंजिन जास्त तापतंय. पेट्रोलने ओला असेल तर तिथे ठिणगीच पडत नाही. एवढं बघून गेलं की गॅरेजमध्ये बोलणं बदलतं.

आता वायरी. जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात पाऊस कसा कोसळतो, ते इथल्या बायकांना सांगायला नको. ओल धरली की जुन्या वायरीतून वीज बाहेर पळते. वायर वाकवून बघा, चिरा पडल्या असतील, कडक झाली असेल, टोकाचं रबर फाटलं असेल तर ती गेली. रात्री अंधारात इंजिन सुरू ठेवून लांबूनच बघितलं तर खराब वायरीवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसतात. हात मात्र लावायचा नाही. पदर, ओढणी खोचून घ्या, पट्टा आणि पंखा चालू असतो.

वायर मीटरवर मोजता येते. कार्बनच्या गाभ्याच्या वायरीचा रोध साधारण मीटरला १०,००० ते २०,००० ओहम असतो. एखादी वायर लांबीच्या मानाने फारच जास्त दाखवत असेल किंवा काहीच दाखवत नसेल तर बदलायची. घेताना आपल्याच मॉडेलचा पूर्ण संच घ्या, कॉइलची वायर धरून. सिलिकॉनचं आवरण असेल तर उष्णता जास्त सोसतं. नुसत्या तांब्याच्या तारेची स्वस्त वायर घेऊ नका. रेझिस्टर प्लग आणि कार्बनची वायर का, तर ठिणगीचा खरखराट रेडिओत येऊ नये म्हणून. गाडीत आपला कार्यक्रम लावला आणि इंजिनाच्या वेगाबरोबर कर्रर्र वाढत गेली, तर आधी हे तपासा.

बसवताना इंजिन पूर्ण थंड हवं, किल्ली काढलेली हवी. वायर तारेला धरून ओढायची नाही, टोकाच्या रबराला धरून काढायची. एक काढायची, तिच्या जागी नवी लावायची, मग दुसरी. सगळ्या एकदम काढल्या तर क्रम चुकतो. ओम्नीचा क्रम १-३-२ आहे. प्लग आधी हातानेच फिरवत आत न्यायचा. आटे ॲल्युमिनियममध्ये असतात, पान्याने जबरदस्ती केली तर ते जातात. हाताने घट्ट बसला की नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरे. वायरी क्लिपमध्येच बसवा, तापणाऱ्या भागाला टेकू देऊ नका. डिस्ट्रिब्यूटरची कॅप उघडून तडा आहे का, ओल आहे का बघा. कॅप तडकलेली असेल तर नवे प्लग आणि नव्या वायरी घालूनही पैसे वाया.

हे काम आपण स्वतःच केलं पाहिजे असं नाही, मिस्त्रींनीच करावं. पण गटाचा पैसा देताना काय बदललं, का बदललं आणि जुना माल कुठे आहे, हे आपण विचारायचंच. येत्या बैठकीत गटाच्या वहीत एक पान गाडीसाठी काढा. प्लगचा नंबर, फटीचा आकडा, बदलल्याची तारीख, तेव्हाचे किलोमीटर आणि पावती, एवढं त्यावर असू द्या. गाडी चालवणारी बदलली, सचिव बदलली, तरी ते पान पुढच्या बाईच्या हाती राहील.

पावसाळ्याच्या आधी हे एवढं उरकून घ्या. काही अडलं तर केंद्रावर कळवा, पुढच्या भागात त्यावर बोलू.