पाटणच्या रानांत एक दिवस

दक्षिण अमेरिकेंतील ॲमेझॉन नदीचें अरण्य पाहावयास जगाच्या निरनिराळ्या भागांतून मंडळी जातात. दहा-वीस जणांनीं होडींत बसून हिंडावें, वाटाड्यानें झाडें, पक्षी, मगरी दाखवाव्यात आणि दिवस मावळतां मुक्कामीं परतावें, असा तेथील परिपाठ आहे. आमच्या ऐपतीच्या माणसाला तेथें जाणें कोठून घडणार? परंतु संघ करून रान पाहण्याची ही हौस खानदेशांतल्या खानदेशांत भागवितां येते. नरडाण्याहून आम्ही एकवीस जण गेल्या भाद्रपदांत चाळीसगांवाजवळील पाटणादेवीचें रान पाहून आलों; त्याची हकीगत आज सांगणार आहें.

पहाटेच्या अंधारांत निघालों. धुळें मागें टाकून चाळीसगांव गांठलें आणि तेथून सुमारें १८ किलोमीटरांवर, सातमाळा डोंगराच्या पायथ्याशीं उतरलों. आज पाटण हें लहानसें खेडें आहे. त्याच्या पाठीमागचें रान गौताळा-औट्रमघाट अभयारण्यांत मोडतें. हें अभयारण्य १९८६ सालीं जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें २६० चौरस किलोमीटर असून तें जळगांव व छत्रपती संभाजीनगर या दोन जिल्ह्यांत पसरलें आहे. ॲमेझॉनचें अरण्य सुमारें ५५ लाख चौरस किलोमीटरांचें, म्हणजे आपलें रान त्यांत एकवीस हजार वेळां मावेल! पण या मोजमापांत मला फारशी गोडी वाटत नाहीं. खरा भेद पाण्याचा आहे. तेथें बाराही महिने पाऊस, म्हणून पानें सदा हिरवीं. आपल्याकडे चार महिन्यांच्या पावसावर उरलेले आठ महिने काढावयाचे असतात, म्हणून आपलें झाड उन्हाळ्याच्या तोंडीं पानें टाकून देतें आणि अंगांतील ओल राखतें. साग, सालई, धावडा, पळस हीं सारीं याच काटकसरीच्या पंथांतलीं. त्यांत अंजन हें तर खानदेशचें खास झाड. लांकूड असें जड व टणक, कीं कुऱ्हाडीची धार उतरते. आणि पाला मात्र गुरें आवडीनें खातात. आमच्या संघांतील एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानें अंजनाची जोडपानें हातांत घेऊन त्याविषयीं जें सांगितलें, तें मीं चाळीस वर्षें शिकविलेल्या कोणत्याही पुस्तकांत नव्हतें.

बिबट्या आणि अस्वल या रानांत आहेत. पण एकवीस माणसांच्या गलबल्यांत त्यांनीं दर्शन द्यावें, ही अपेक्षाच अन्यायाची. मोराची केका तेवढी ऐकूं आली. धवलतीर्थाचा धबधबा जोरांत कोसळत होता. त्याच्या वरच्या अंगाला पितळखोऱ्याचीं बौद्ध लेणीं आहेत. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापासून कोरलेलीं, आणि त्यांतील एका लेखांत पैठणच्या मितदेव नांवाच्या गंध्याचें दान नोंदलेलें आहे. आमच्यांतील निम्म्यांचे गुडघे तो चढ चढण्याजोगे नसल्यामुळें लेणीं राहिलीं. खालीं डोंगरी नदीच्या पाण्यांत पाय सोडून बसलों असतां एकानें विचारलें, “गुरुजी, हें पाणी जातें कोठें?” हें पाणी चाळीसगांवीं तितूरला मिळतें, तितूर गिरणेला, गिरणा तापीला, आणि तापी तर आपल्याच शिंदखेडें तालुक्याच्या उत्तर शिवेवरून वाहते! हें ऐकल्यावर त्या ओढ्याकडे सगळे निराळ्याच आपलेपणानें पाहूं लागले.

देवीच्या देवळांतील शिलालेख मात्र मीं हट्टानें सर्वांना दाखविला. डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ सालीं तो विद्वानांच्या नजरेस आणला. लेख शके ११२८ चा. बहुतेक संस्कृतांत, शेवटचा भाग जुन्या मराठींत. भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’ येथेंच बसून लिहिली असें कोणी कोणी छातीठोकपणें सांगतात. लेखांत तसें नाहीं. आचार्यांचा जन्म शके १०३६ चा. आपलें गांव सह्याद्रीजवळचें विज्जडविड असें ते स्वतः सांगतात, आणि तें गांव कोणतें याविषयीं विद्वानांत वाद आहे. लेख सांगतो तें असें: आचार्यांचा पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालानें या नगरांतून नेऊन पंडितांचा अग्रणी केलें, नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी, त्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं येथें मठ काढला आणि निकुंभ वंशांतील सोइदेवानें त्यास दान दिलें. पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावरील कराचा वांटा आणि दर घाण्यामागें पळीभर तेल, अशीं कलमें मराठी भागांत आहेत. तें तेल विद्यार्थ्यांच्या दिव्यांत जात असावें, हा माझा तर्क. सामान्य तेल्याच्या घाण्यावर गणिताची पाठशाळा चालावी, एवढें आपल्या अभिमानाला पुरेसें नाहीं काय? दगडावर बसविण्याची गोष्ट रचावयाची गरज काय?

जेवणें झालीं तेव्हां देवळाभोवतीं वानरांचा कळप जमला. एका लहान मुलानें अहिराणींत विचारलें, “आबा, आठे वांदरं कितला शेतस?” मला भास्कराचार्यांच्या बीजगणितांतील उदाहरण आठवलें. कळपाच्या आठव्या हिश्शाचा वर्ग रानांत खेळतो आहे, उरलीं बारा वानरें टेकडीवर ओरडत आहेत. तर एकंदर वानरें किती? अंजनाच्या गोष्टी सांगणाऱ्या त्याच म्हाताऱ्या शेतकऱ्यानें बोटांवर हिशेब करून सांगितलें, “सोळा. दोनांचा वर्ग चार, आणि बारा.” सर्वांनीं टाळ्या दिल्या. दहावींत शिकणारी एक मुलगी मात्र पुडक्याच्या कागदावर पेन्सिलीनें कांहीं लिहीत होती. चौसष्टांची बेरीज आणि सातशें अडुसष्टांचा गुणाकार देणाऱ्या दोन संख्या ती शोधीत होती. थोड्या वेळानें म्हणाली, “गुरुजी, अठ्ठेचाळीसही येतात. सहांचा वर्ग छत्तीस, आणि बारा.” आचार्यांनींही हींच दोन उत्तरें दिलीं आहेत, असें मीं सांगतांच ती कागदाकडेच पाहत राहिली.

तिचे वडील संघांत होतेच. कपाशी पिकविणारे, कष्टाळू, अबोल गृहस्थ. दहावी झाली कीं मुलीचें शिक्षण पुरे, असें त्यांनीं जातांनाच वाटेंत मला सांगितलें होतें. गांवाबाहेर धाडण्याचा खर्च आणि काळजी, दोन्ही त्यांना पेलवणारीं नव्हतीं. मींही वाद घातला नव्हता. त्यांनीं तो कागद मागून घेतला, उलटसुलट पाहिला आणि घडी घालून सदऱ्याच्या खिशांत ठेवला.

परतीच्या वाटेवर धुळ्यापर्यंत ते कांहीं बोलले नाहींत. सोनगीर मागें पडल्यावर माझ्या शेजारीं येऊन बसले आणि म्हणाले, “गुरुजी, अकरावीला विज्ञान घ्यावयाचें तर शिंदखेड्यास घालावी कीं धुळ्यास?” मीं म्हटलें, “अप्पा, शिंदखेडें जवळ. रोज घरीं येतां येईल. धुळ्याला वसतिगृहाची चौकशी मी करतों.” नरडाण्याचे दिवे दिसूं लागेपर्यंत आम्हीं एस.टी.च्या पासाचा आणि वसतिगृहाच्या खर्चाचा हिशेब केला. दहावीची परीक्षा फाल्गुनांत आहे. त्यांचा विचार अद्याप चालूं आहे.