काठ बांधला की काय उगवतं?

2008 च्या शिखांच्या गुरू-ता-गद्दी सोहळ्याच्या निमित्ताने नांदेडमध्ये गोदावरीचे घाट नव्याने बांधले गेले. लाखो भाविकांसाठी ते गरजेचंच होतं. पण पायऱ्या आल्या तिथला मातीचा उतार गेला.

नदीचा खरा काठ म्हणजे कधी पाण्याखाली, कधी उघडा असणारा अरुंद पट्टा. तिथे पाण्याजवळ लव्हाळा आणि पाणकणीस, वर निर्गुडी, करंज, उंबर. मुळं माती धरतात, खोडं पुराचा वेग मोडतात. सिमेंटच्या सलग भिंतीत मूळ शिरायला फटच नसते. भिंतीच्या कडेला, उकरलेल्या जागी मग बेशरम आणि वेडी बाभूळ फोफावतात. काठ फक्त भिंतीनेच जातो असं नाही. लातूरकरांनी 2016 च्या दुष्काळात मांजरा नदीचं पात्र खोल केलं. खोलीकरणाने पाणी साठतं, पण उभ्या कापलेल्या काठावर रोप धरत नाही.

युरोपातही ऱ्हाईनसारख्या नद्यांचे काठ जहाजांच्या लाटांपासून वाचवायला दगडांनी बांधले. आता तिथे काही ठिकाणी दगड काढून वाळुंजीच्या जातीच्या झाडांच्या ओल्या फांद्या पुरतात. त्या फुटतात, मुळं धरतात. वाळुंज आपल्याही नद्यांकाठची आहे. घाट सोडून उरलेल्या काठाला सिमेंटऐवजी सैल दगड आणि वाळुंज लावावी, असं मला मनापासून वाटतं. लावणी पूर ओसरल्यावर करावी, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी मुळं खोल जातील.