मत नसलेला माणूस

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेत कारकून. भाषणे करण्याचा सराव नाही. परंतु वसतिगृहातील विद्यार्थी अभ्यास मंडळास संस्था पुस्तकांसाठी जी मदत देते, ती पुढे चालू ठेवावी काय, हे पाहण्यासाठी संस्थेने आम्हास निरीक्षक म्हणून धाडले होते. तिथे काय पाहिले ते सांगणे आमचे कर्तव्य आहे.

सभा शनिवारी संध्याकाळी सात वाजता होती. सतरंजीवर एकवीस जण बसलेले. मंडळाचे सभासद छत्तीस; घटनेप्रमाणे गणसंख्या एकतृतीयांश, म्हणजे बारा. चिटणिसाने मागील इतिवृत्त वाचले, हिशेब वाचला. हिशेब आम्ही सवयीने मनात जुळवला, जुळला. पुस्तकांवर बराच वाद झाला. काहींना स्पर्धा परीक्षेची गाईडे हवीत, काहींना बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांचे खंड. तो वाद आपल्या घरोघरी आहे, त्यावर अधिक बोलत नाही.

शेवटचा ठराव सभेची वेळ बदलण्याचा होता. मुलींच्या वसतिगृहाचे फाटक आठला बंद होते, म्हणून सभा पाच वाजता घ्यावी, अशी सूचना एका विद्यार्थिनीने मांडली होती. एवढ्यात मेसची घंटा झाली आणि मुले एकेक करून उठू लागली. अध्यक्षाने घाईने विचारले, "मंजूर?" "मंजूर!" टाळ्याही पडल्या.

तेव्हा तीच मुलगी उभी राहिली. म्हणाली, "अध्यक्ष, आधी मोजा." मोजले तर नऊच भरले.

आता आमची चूक सांगतो. आम्ही मध्येच बोललो, "अहो, ठराव चांगला आहे. आज करून टाका, पुढच्या सभेत कायम करा." ती मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, तुम्ही निरीक्षक आहात. तुम्हाला इथे मत नाही." आठला दहा मिनिटे कमी होती. ठराव तहकूब झाला आणि ती चप्पल घालून जवळजवळ पळतच गेली. ज्या ठरावाचा लाभ तिलाच होता, तो तिनेच अडवला!

मित्रांनो, आम्ही खजील झालो. बँकेत दुसरी सही नसलेले व्हाउचर आम्ही साहेबाच्या पाहुण्याचेही परत करतो. मग आपल्याच मुलांना "चालवून घ्या" कसे म्हणालो?

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की, संसदीय कामकाजाचे नियम भिक्षुसंघास ठाऊक होते. बसण्याची व्यवस्था, प्रस्ताव, गणसंख्या, गुप्त मतदान, सारे. विनयात पाहावे. आधी ज्ञप्ती मांडायची, मोठ्या कामासाठी तीन वेळा विचारायचे, कोणी बोलले नाही तरच संमती धरायची. मतभेद मिटेना तर शलाका वाटून मोजायच्या. संघकर्मास निदान चार भिक्षू हवेत. उपसंपदेस मध्यदेशात दहा, सीमेवरच्या प्रदेशात पाच. सीमेवर भिक्षू थोडे, म्हणून संख्या कमी केली. पण मोजणे सोडले नाही. ही पद्धत देशाने एकदा गमावली, पुन्हा गमावेल काय, ही बाबासाहेबांची चिंता होती. आपल्या किती संस्थांच्या सभांत माणसे मोजली जातात? सह्यांची वही नंतर घरोघर फिरते, हे येथे बसलेल्यांस ठाऊक आहे. आम्हीही तशी सही केलेली आहे.

पुढच्या शनिवारी सतरा जण हजर होते असे इतिवृत्तावरून कळले. अकरा विरुद्ध सहा मतांनी ठराव मंजूर झाला. सहा जण संध्याकाळी कामाला जाणारे होते, त्यांच्यासाठी महिन्यातील एक सभा सातलाच ठेवली आहे. त्या इतिवृत्ताची प्रत आम्ही अहवालास जोडली आहे. पहिल्या सभेच्या इतिवृत्तात आमच्या बोलण्याची नोंद नाही. निरीक्षक हजर होते, एवढेच लिहिले आहे.

मदत चालू ठेवावी, अशी आमची शिफारस आहे. निर्णय कार्यकारिणीने करावयाचा आहे. जयभीम!