मुलांच्या हातीं विज्ञान द्या

(शिक्षक व पालक यांच्या सभेपुढील भाषण)



आपल्या मुलांना शाळेंत विज्ञान हा विषय आहे, त्याचें पुस्तक आहे, परीक्षाही आहे. तरी आम्ही आपणांस एकच प्रश्न विचारतों. या वर्षांत विज्ञानाच्या तासाला तुमच्या मुलानें स्वतःच्या हातानें काय केलें? पुष्कळ ठिकाणीं उत्तर येईल, कांहीं नाहीं. सामान कपाटांत, कपाटाला कुलूप, आणि मूल प्रश्नोत्तरें घोकीत बसलेलें! पूर्वीं पोथी घोकीत, आतां विज्ञान घोकतात. सांगणाऱ्याचें निमूटपणें खरें मानावयाचें ही संवय जी शाळा लावते, ती विज्ञानाचें नांव घेऊन गुलामगिरीच शिकविते.

यावर उपाय मोठा नाहीं. चार-चार मुलांचे गट करा. प्रत्येक गटास तीन वाट्या आणि मूठभर मटकी द्या. पहिल्या वाटींत मटकी कोरडी ठेवावी. दुसरींत भिजवून ओल्या फडक्यांत बांधावी. तिसरींत ती पुरती बुडेल इतकें पाणी घालावें. मोड कोठें चांगले येतील, हें प्रत्येक मुलास आधींच विचारून पाटीवर लिहून घ्यावें. मग तीन-चार दिवस त्यांनीं रोज पाहावें आणि पाहिलें तेंच लिहावें. कोरडी मटकी जशीच्या तशी राहते. फडक्यांतल्या मटकीला मोड येतात. पाण्यांत बुडालेली फुगते, पण तिची वाढ खुंटते आणि पाण्याला वास येऊं लागतो. असें कां? पाणी तर तिलाच सर्वांत अधिक मिळालें होतें! येथें गुरुजींनीं उत्तर सांगण्याची घाई करूं नये. फडक्यांतल्या दाण्यांना मिळालें आणि बुडालेल्यांना मिळालें नाहीं, असें काय असावें, एवढेंच विचारावें. कोणी तरी 'हवा' म्हणेल. शेतकऱ्याचें पोर सांगेल, कीं आमच्या खालच्या वावरांत पाणी तुंबलें म्हणजे पेरा असाच कुजतो. बियाण्यालाही श्वासाला हवा लागते, हा धडा त्या पोराला आतां कोणी विसरायला लावूं शकणार नाहीं. आणि एरवीं वर्गांत मागें बसणारें तें पोर त्या दिवशीं सर्वांचें शिक्षक होईल. घोकंपट्टींत ज्याच्या घरीं पुस्तकें तो पुढें जातो. प्रयोगांत ज्याच्या घरीं शेत, आवा, भाता किंवा माग आहे, त्याचीही पुंजी कामास येते.

ही गोष्ट जोतीराव फुले यांनीं ओळखली होती. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें दिलेल्या निवेदनांत त्यांनीं शेतकीचें व आरोग्याचें ज्ञान प्राथमिक शाळेंत मागितलें. शेतकीचे धडे प्रत्यक्ष देण्यासाठीं नमुन्याचें लहानसें शेत असावें, आणि शिक्षक वेळ पडल्यास नांगराची मूठ व सुताराचा वाकस हातीं धरणारे असावेत, असेंही त्यांनीं सुचविलें.

कोणी पालक म्हणतील, "हात मळवायचे होते तर पोराला शाळेंत कशाला घातलें असतें?" ही शंका हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. १९५३ सालीं मद्रास राज्यांत राजगोपालाचारी यांच्या सरकारनें अर्धा वेळ शाळा आणि उरलेला वेळ घरचा धंदा, अशी योजना आणली होती. बापाचा धंदा मुलाच्या गळ्यांत कायमचा बांधणारी ही युक्ति आहे असें म्हणून पेरियार यांच्या पक्षानें व इतरांनीं तिला कडाडून विरोध केला, आणि १९५४ सालीं ती रद्द झाली. तो विरोध योग्यच होता. परंतु आम्ही मागतों तें याच्या अगदीं उलट आहे. तेथें हात राबावयाचे होते, येथें हातांनीं प्रश्न विचारावयाचे आहेत. कुंभाराच्या मुलानें मडकींच करावींत असें आम्ही म्हणत नाहीं. मडक्यांतलें पाणी गार कां होतें हें त्याला कळावें, आणि पुढें त्याची इच्छा असेल तर तो रसायनशास्त्रज्ञ व्हावा.

दुसरी शंका परीक्षेची. तेव्हांच्या होशंगाबाद जिल्ह्यांत १९७२ सालीं सोळा शाळांतून सहावी ते आठवीच्या मुलांना असें प्रयोगानें विज्ञान शिकविण्यास आरंभ झाला. १९७८ पासून तो क्रम जिल्हाभर पसरला. तेथें परीक्षेंत पुस्तक उघडून पाहण्याची मुभा असे, आणि हातानें प्रयोगही करावा लागे. २००२ सालीं मध्य प्रदेश सरकारच्या हुकुमानें तें काम बंद झालें. पण खेड्यापाड्यांतल्या साध्या शाळांत जें तीस वर्षें चाललें, तें अशक्य होतें असें कोण म्हणेल?

मात्र एका गोष्टीवर डोळा ठेवा. गटांत सामान कोणाच्या हातांत जातें? मुलगे प्रयोग करणार आणि मुली लिहून घेणार, पुढारलेल्या घरचें मूल वाटी धरणार आणि बाकीचीं पाहणार, असें झालें तर तो प्रयोग व्यर्थ होय. वाटी पाळीपाळीनें प्रत्येकाच्या हातीं गेलीच पाहिजे. ज्या पाण्याच्या हक्कासाठीं १९२७ सालीं महाडास सत्याग्रह करावा लागला, तें पाणी एकाच भांड्यांतून सर्व जातींच्या मुलांनीं घ्यावें, ओतावें, मोजावें. विज्ञानाबरोबर समतेचाही धडा तेथेंच होतो, निराळें व्याख्यान लागत नाहीं.

शिक्षकांनो, आठवड्यास निदान एक तास असा द्या, आणि कपाटाचें कुलूप काढा. पालकहो, किती गुण मिळाले हें विचारण्याआधीं, आज काय करून पाहिलेंस, असें मुलाला विचारा. त्यानें उलट 'कशावरून?' असें विचारलें तर त्याला दटावूं नका. ग्रहणाची भीति घालणारा असो, अंगारा विकणारा असो, कीं मोठ्या पदावरून खोटें बोलणारा असो, या एका प्रश्नापुढें त्याला उत्तर द्यावेंच लागतें. हा प्रश्न आपल्या पोरांच्या तोंडीं रुळला, तर शाळेचा खर्च वसूल झाला असें आम्ही समजूं.

सत्याचा जय असो.