खोतांचं पाणी



या मे महिन्यात मी पणजोबांच्या गावी जाऊन आले. राजापूर तालुक्यातलं डोंगरउतारावरचं गाव. मी वाढले मुंबईत. गाव ठाऊक होतं ते आजीच्या तोंडून. तिनं सांगितलेलं सगळं तिथं होतं. जांभ्याचं चिरेबंदी घर, सारवलेलं खळं, माजघरात आढीतल्या हापूसचा घमघमाट. आणि परसात पोफळीच्या पन्हळीतून रात्रंदिवस पडणारं झऱ्याचं पाणी. त्या धारेखाली हात धरून मी कितीतरी वेळ उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या कुणबीवाडीकडे उतरले. वाटेत एक बाई भेटल्या. डोक्यावर हंड्यावर हंडा, कडेला कळशी. वहाळात खणलेल्या खड्ड्यातून वाटीवाटीनं भरलेलं पाणी. मी म्हटलं, वर आमच्याकडे एवढी धार पडते, तिथून का नेत नाही? त्या म्हणाल्या, "ते खोतांचं पाणी, ताई. सासूनं कधी तिथं कळशी लावली नाय, मग आम्ही कशी लावायची?"

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जांभा तो धरून ठेवत नाही, उतारावरून तो समुद्राला मिळतो. म्हणून वैशाखात विहिरी तळ गाठतात. एवढा दोष जमिनीचा. पण उरलेलं पाणी कुणाच्या परसात पडावं, हे जमिनीनं ठरवलेलं नाही.

पणजोबा गावचे खोत होते. कुळांनी भात पिकवायचं, अर्धेलीनं निम्मं खोताच्या खळ्यात आणून ओतायचं, वर वेठीला राबायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३८च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. १९४९ साली खोती रद्द करणारा कायदा झाला. पणजोबांची खोती गेली. पाणी मात्र अजून खोतांचंच आहे.

आजीच्या गोष्टीत ते खळं भाताच्या राशींनी भरलेलं असायचं. त्या राशी कुणी वाहून आणल्या, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. गाव सुंदर आहे, आजही आहे. पण ते सौंदर्य मी आमच्या पडवीत बसून पाहिलं होतं.

त्या रात्री मी गावी राहणाऱ्या चुलतकाकांना म्हटलं, झऱ्यावर टाकी बांधू, कुणबीवाडीपर्यंत पाइप टाकू; उतारच आहे, पंपसुद्धा लागणार नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आणि झरा आटला तर?"

मी म्हटलं, "आटला तर सगळ्यांचा आटेल, काका."